कापसाचं बोंड, धोतऱ्याचं बोंड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आपल्या भागात कीटकनाशकाला कीटकनाशक असं कुणी म्हणत नाही. ‘आज कपाशीवर औषध मारायचंय’, ‘औषध संपलं, दुकानातून घेऊन ये’, असंच बोलतात. गेवराई-माजलगावपासून वडवणी-धारूरपर्यंत श्रावण-भाद्रपदात कुठल्याही शिवारात ही वाक्यं कानावर पडतात. त्याच शिवाराच्या बांधावर, उकिरड्याच्या कडेला, पडीक रानात धोतरा माजलेला असतो. कर्ण्यासारखं पांढरं किंवा जांभळं फूल आणि खाली काटेरी बोंड. त्याला मात्र आपण विष म्हणतो आणि पोरांना त्याच्यापासून लांब ठेवतो.

माझी सारी नोकरी रसायनशास्त्र शिकवण्यात गेली. कापसाच्या बोंडावर मारायचं ते ‘औषध’ पोटात किंवा अंगात गेलं, तर माणसाला वाचवणारं खरं औषध ज्या जातीच्या पदार्थांत मोडतं, तो पदार्थ धोतऱ्याच्या बोंडात असतो, हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करत. त्या पदार्थाचं नाव ॲट्रोपिन. तो झाडातून वेगळा कसा निघाला, प्रयोगशाळेत कसा घडवला गेला आणि आपल्या दवाखान्यातल्या कपाटापर्यंत कसा पोचला, याचा इतिहास आज सांगायचा आहे.

धोतऱ्याशी आपली ओळख फार जुनी. आपल्या जिल्ह्यात परळीचा वैजनाथ आहे. वैजनाथ म्हणजे वैद्यनाथ, वैद्यांचा नाथ. समुद्रमंथनातून निघालेलं अमृत आणि धन्वंतरी या लिंगात लपवले, अशी तिथली कथा. त्या वैद्यनाथाला आपण बेलाबरोबर धोतरा वाहतो. अमृत पोटात ठेवणाऱ्या देवाला विषारी फूल वाहायचं, यात आपल्याला कधी काही वावगं वाटलं नाही. आयुर्वेदानंही धोतरा टाकून दिला नाही. कनक, उन्मत्त अशी त्याची नावं. खाणारा वेडापिसा होतो म्हणून उन्मत्त. सुश्रुतानं पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर त्याचा उल्लेख केला. दम्यावरच्या कनकासवात तो आहे. दम्यासाठी धोतऱ्याची धुरी घेण्याची रीत तर १८०२ च्या सुमारास मद्रासहून थेट इंग्लंडला पोचली.

दुसरी बाजूही तितकीच जुनी. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला. गोव्यात स्थायिक झाला. अहमदनगरच्या (आजचं अहिल्यानगर) बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याचं वैद्य म्हणून जाणं-येणं होतं. बीडचा मुलूख तेव्हा त्याच निजामशाहीत होता. १५६३ मध्ये ओर्तानं गोव्यात छापलेल्या ग्रंथात इथल्या औषधी वनस्पतींवर संवाद लिहिले, त्यात एक धोतऱ्यावर आहे. चोर जेवणात धोतरा मिसळतात, खाणाऱ्याचं भान जातं, तो हसत सुटतो आणि समोर दागिने काढून नेले तरी त्याला काही वाटत नाही, असं त्यानं नोंदवलं. पुढे इंग्रजी अमलात अशा लुटारूंना पोलिसांच्या कागदांत ‘धतुरिया’ असं वेगळं नावच पडलं.

म्हणजे झाड एकच. वैद्याच्या हाती दम्याचं औषध, चोराच्या हाती गुंगीचं विष. फरक मात्रेचा. आणि नेमकी मात्रा हीच धोतऱ्याची अडचण आहे. बांधावरच्या दोन झाडांत औषधी द्रव्य सारखं नसतं. पानात वेगळं, बीमध्ये वेगळं. पावसाळ्यात वेगळं, उन्हाळ्यात वेगळं. वैद्याचा हात कितीही अनुभवी असला, तरी चिमूटभर बियांत नेमकं किती द्रव्य आहे हे डोळ्यांना दिसत नाही. जीव वाचणं आणि जाणं हे अशा अंदाजावर सोडून चालत नाही. म्हणून झाडातलं नेमकं द्रव्य कोणतं, हा प्रश्न विचारावाच लागला.

तो विचारला गेला युरोपात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. सेर्ट्युर्नर नावाच्या जर्मन औषधविक्याच्या हाताखालच्या तरुणानं अफूतून मॉर्फिन वेगळं केलं. १८१८ मध्ये कुचल्यातून स्ट्रिक्निन निघालं, १८२० मध्ये सिंकोनाच्या सालीतून क्विनीन. झाडातून निघणारे, नायट्रोजन असलेले आणि अल्कलीसारखे वागणारे हे पदार्थ. त्यांना ‘अल्कलॉइड’ हे नाव मिळालं १८१९ मध्ये. त्याच वर्षी रुंगे नावाचा एक तरुण जर्मनीतल्या येना गावी महाकवी गटेकडे मांजर काखेत घेऊन गेला. धोतऱ्याच्याच कुळातल्या बेलाडोना या झाडाचा अर्क त्यानं मांजराच्या डोळ्यात घातला होता. एक बाहुली केवढी तरी मोठी झालेली, दुसरी होती तशीच. गटे खूश झाला आणि त्यानं रुंगेला कॉफीच्या बिया देऊन ‘यात काय आहे ते बघ’ असं सांगितलं. त्या बियांतून रुंगेनं कॅफिन काढलं. आपल्या रोजच्या चहातही तेच अल्कलॉइड असतं.

बेलाडोनातलं बाहुली मोठी करणारं द्रव्य शुद्ध रूपात हाती आलं ते १८३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. माइन या औषधविक्यानं ते काढलं. गायगर आणि हेसे यांनी १८३३ मध्ये ते प्रसिद्ध केलं आणि धोतऱ्यातूनही तसंच द्रव्य काढून त्याला ‘डॅट्युरिन’ म्हटलं. पुढे दोन्ही एकच ठरली. नाव उरलं ॲट्रोपिन. ग्रीक पुराणात माणसाच्या आयुष्याचा धागा कापणारी जी देवता आहे, तिचं नाव ॲट्रोपॉस, तिच्यावरून. धोतऱ्यात याच्या जोडीला स्कोपोलामीन नावाचं दुसरं अल्कलॉइडही असतं, गुंगी आणि भ्रम यांत त्याचा वाटा मोठा.

शुद्ध द्रव्य मिळालं, ते तोलता येऊ लागलं. आता पुढचा प्रश्न: हे द्रव्य बनलंय कशाचं? रसायनशास्त्रात याची खरी परीक्षा एकच. ते तुम्हाला स्वतः बांधता आलं पाहिजे. यंत्र उघडून पाहणारे पुष्कळ असतात, पुन्हा जोडून चालू करणारा खरा मिस्त्री. ॲट्रोपिन फोडलं की ट्रोपिन आणि ट्रोपिक आम्ल असे दोन तुकडे मिळतात. १८७९ मध्ये लाडेनबुर्ग यानं हे दोन तुकडे पुन्हा जोडून ॲट्रोपिन तयार केलं. पण ट्रोपिनचा तुकडा अजून झाडाकडूनच घ्यावा लागत होता. तो मुळापासून बांधला रिखार्ड व्हिल्श्टेटर यानं, १९०१ मध्ये. पंधराहून अधिक पायऱ्या. प्रत्येक पायरीवर थोडा माल वाया. उन्हाळ्यात लांबच्या विहिरीवरून गळक्या घागरीनं पाणी आणावं, तसं ते काम. शंभर भाग घेऊन निघालं तर शेवटी एक भागही हाती लागत नव्हता. तरीही ते मोठं यश होतं, कारण रेणूची रचना आता निर्विवाद सिद्ध झाली.

मग आलं १९१७ साल. पहिलं महायुद्ध चालू होतं. लिव्हरपूलला रॉबर्ट रॉबिन्सन या तिशीतल्या प्राध्यापकानं त्या रेणूकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. झाड काही भट्टी पेटवत नाही, तीव्र आम्लं वापरत नाही. ते साध्या पाण्यात, साध्या तापमानाला हा रेणू बांधतं. मग आपल्याला का जमू नये? त्यानं ट्रोपिनोन या मधल्या रेणूचे कल्पनेनंच तीन तुकडे केले आणि ते तीन साधे पदार्थ पाण्यात एकत्र केले. पिठलं करावं तसं एकाच भांड्यात. ट्रोपिनोन तयार! पुढच्या सुधारणांनी शंभरातले नव्वदहून अधिक भाग हाती येऊ लागले. सेंद्रिय रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलांना आजही हा प्रयोग शिकवतात. रॉबिन्सनला १९४७ चं नोबेल मिळालं, ते वनस्पतिज पदार्थांवरच्या, विशेषतः अल्कलॉइडांवरच्या कामासाठी.

या परंपरेचा एक धागा महाराष्ट्रात आला. मँचेस्टरला रॉबिन्सनच्या हाताखाली काम केलेले डॉ. के. वेंकटरामन मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख झाले आणि १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक. झाडातला रेणू ओळखायचा आणि मग बांधायचा, हे शिक्षण आपल्याकडच्या पिढ्यांना अशा माणसांकडून मिळालं.

रेणू बांधता आला की तो बदलताही येतो, हा संश्लेषणाचा सर्वांत मोठा फायदा. डोळे तपासताना बाहुली मोठी करायला ॲट्रोपिन घातलं तर कित्येक दिवस जवळचं दिसत नाही. म्हणून त्याचा लवकर उतरणारा भाऊ आला, होमॅट्रोपिन. दम्याच्या धुरीत श्वासनलिका मोकळी व्हायची, पण डोकंही भणभणायचं. रेणूत किंचित बदल करून मेंदूत सहसा न शिरणारं इप्राट्रोपियम तयार झालं. दम्याच्या रुग्णाला दवाखान्यात वाफ देताना ते वापरतात. म्हणजे कनकासवातलं आणि धुरीतलं शहाणपण वाया गेलं नाही. ते मोजून, गाळून, घडवून परत आलं.

हे सगळं चालू असताना दुसऱ्या बाजूला आपल्या फवाऱ्यातल्या ‘औषधा’चा जन्म होत होता. जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनतज्ज्ञ पिकांवरच्या किडीसाठी नवी द्रव्यं शोधत होता. फॉस्फरस असलेल्या संयुगांवर काम करताना डिसेंबर १९३६ मध्ये त्याच्या हाती एक भयंकर पदार्थ आला. कीड मरत होतीच, पण खोलीत काम करणाऱ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, श्वास कोंडू लागला. त्यातून टाबून हा युद्धातला विषारी वायू निघाला. त्याच कुळातून पॅराथिऑन निघालं आणि नंतर शेतीतली कित्येक ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं.

ही द्रव्यं शरीरात करतात तरी काय? माजलगावच्या कालव्याखाली ज्यांचं रान आहे, त्यांना हे लगेच समजेल. आपल्या मज्जातंतूंच्या टोकाला ॲसिटिलकोलिन नावाचं द्रव्य सुटतं आणि निरोप पोचवतं. तंतू रसायन सोडून निरोप देतात, हे ऑटो लोव्हीनं १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवलं. हे द्रव्य म्हणजे पाटाचं पाणी समजा. निरोप पोचला की एक विकर ते पाणी लगेच बंद करतं. तो आपला पाटकरी. ऑर्गॅनोफॉस्फेट या पाटकऱ्याचे हात बांधून टाकतं. पाणी वाहतच राहतं. लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांतून पाणी वाहतं, बाहुल्या बारीक होतात, नाडी मंदावते आणि छातीत पाणी भरून माणूस कोरड्या जमिनीवर बुडू लागतो.

आता धोतरा खाल्लेल्या माणसाकडे बघा. तोंडाला कोरड, कातडी कोरडी आणि तापलेली, बाहुल्या मोठ्या, नाडी धावती. अगदी उलट चित्र. कारण ॲट्रोपिन पाटकऱ्याकडे जातच नाही. ते वाफ्याचं तोंड बुजवतं. पाटाला कितीही पाणी असो, वाफ्यात शिरत नाही.

दोन विषं एकमेकांना अडवतात, हे डॉक्टरांना कीटकनाशकांच्या कितीतरी आधी कळलं होतं. १८६४ मध्ये प्रागला काही कैद्यांच्या पोटात ॲट्रोपिन गेलं, तेव्हा क्लाइनवेख्टर या तरुण डॉक्टरनं त्यांना आफ्रिकेतल्या कॅलाबार शेंगेचा अर्क दिला. या शेंगेतलं फायसोस्टिग्मिन हेही अल्कलॉइडच, पण पाटकऱ्याचे हात बांधणारं. १९३५ मध्ये ते प्रयोगशाळेत बांधलं पर्सी ज्युलियन या कृष्णवर्णीय अमेरिकी रसायनतज्ज्ञानं. ज्या काळात त्याच्या वर्णामुळे विद्यापीठांची दारं बंद होत होती, त्या काळात त्यानं रॉबिन्सनसारख्या दिग्गजाच्या गटाला या शर्यतीत मागे टाकलं. एका झाडाचं विष दुसऱ्या झाडाच्या विषावर उतारा ठरतं, हे दोन्ही बाजूंनी सिद्ध झालं होतं. म्हणून पॅराथिऑनची विषबाधा समोर आली तेव्हा उतारा शोधत बसावं लागलं नाही. ॲट्रोपिन कपाटात होतं.

आपल्या देशाला या विषाची पहिली मोठी ओळख १९५८ मध्ये केरळात झाली. पॅराथिऑन मिसळलेल्या पिठानं शंभरहून अधिक माणसं दगावली. त्यानंतर १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. बाटलीवरचा रंगीत त्रिकोण, सोबतच्या कागदावर उताऱ्याचं नाव, हे सगळं त्यातूनच. तरीही २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पोचले. फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस अशा काही द्रव्यांवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आली. पण या कुळातलं सगळंच काही गेलेलं नाही. फवारताना अंगावर उडून म्हणा, निराशेच्या घटकेला म्हणा, विषबाधेचा रुग्ण कपाशीच्या जिल्ह्याला नवा नाही.

आपल्या जिल्ह्यात अशा रुग्णांचा मोठा आधार म्हणजे अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. १९७४ मध्ये खास ग्रामीण भागासाठी ते सुरू झालं. पण आष्टी तालुक्यातून अंबाजोगाई शंभर किलोमीटरहून लांब आहे. छातीत पाणी भरलेला माणूस तेवढा वेळ थांबत नाही. पहिली लढाई गावाजवळच्या आरोग्य केंद्रातच लढावी लागते.

आणि इथे मात्रेचा तोच जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. आपल्याकडे मिळणाऱ्या ॲट्रोपिनच्या नेहमीच्या कुपीत ०.६ मिलिग्रॅम औषध असतं. एरवी एक कुपी पुरते. विषबाधेत सुरुवातच तीन ते पाच कुप्यांनी होते आणि छाती मोकळी होऊन नाडी सुधारेपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत न्यायची असते. पाच, दहा, वीस अशा कुप्या पाहता पाहता संपतात. पाण्याचा लोंढा मोठा असेल तर वाफ्याच्या तोंडाशी मातीही तितकीच लागणार. बांगलादेशात चितगावच्या वैद्यकीय महाविद्यालयात १५६ रुग्णांवर याचा अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीनं ठराविक अंतरानं ॲट्रोपिन दिलेल्या गटात शंभरातले २२ हून अधिक दगावले. झपाट्यानं वाढवत नेऊन मग सलग ठिबकत दिलेल्या गटात ८. औषध तेच. फरक देण्याच्या रीतीचा.

ॲट्रोपिन सगळं करतं असंही नाही. स्नायूंकडे जाणारा पाट वेगळा, तिथे ही माती पोचत नाही. श्वासाचे स्नायू थकले तर कृत्रिम श्वासाचं यंत्रच लागतं. पाटकऱ्याचे हात सोडवण्यासाठी प्रॅलिडॉक्सिम नावाचं औषध १९५५ च्या सुमारास आलं. त्याचा फायदा किती होतो यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. पण गाठ जसजशी जुनी होते तसतशी सुटेनाशी होते, यावर दुमत नाही. म्हणून वेळ महत्त्वाची.

हे ऐकून कुणाच्या मनात येईल, की मग बांधावरचा धोतराच उगाळून पाजला तर? मुळीच नाही. त्या बोंडात किती ॲट्रोपिन आणि किती स्कोपोलामीन आहे हे कुणालाही सांगता येत नाही, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालणं म्हणजे ते फुप्फुसात घालणं. शुद्ध, मोजलेलं औषध मिळावं म्हणून लोकांनी दोनशे वर्षं घालवली, ती याचसाठी. घरच्यांनी करायच्या गोष्टी साध्या आहेत. आधी स्वतःच्या हाताला प्लास्टिकची पिशवी बांधायची. रुग्णाचे भिजलेले कपडे काढून अंग साबणानं धुवायचं. त्याला कुशीवर निजवायचं. उलटी करवायची नाही. आणि औषधाची बाटली दवाखान्यात बरोबर न्यायची, म्हणजे डॉक्टरांना विष कोणत्या कुळातलं ते कळतं. आणि घरातलं कुणी गप्प गप्प झालं असेल, तर बाटल्या कुलपात ठेवून त्याच्याशी बोलायला बसावं. १४४१६ या सरकारी मदतवाहिनीवर मराठीतही बोलता येतं.

ॲट्रोपिनचा इतिहास इथे थांबलेला नाही. रॉबिन्सनचा प्रयोग कितीही सुंदर असला, तरी जगातलं बरंचसं ॲट्रोपिन आजही झाडांतूनच काढतात, कारण ते स्वस्त पडतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रशांत श्रीनिवासन आणि क्रिस्टिना स्मोल्की यांनी यीस्टमध्ये फेरफार करून साखरेपासून याच कुळातली अल्कलॉइडं मिळवली. उद्या हे औषध हौदात आंबवूनही निघेल.

पण ते झाडातून येवो, भांड्यातून येवो की हौदातून, माणूस वाचतो तो ते हाताशी असेल तरच. फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधी आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात ॲट्रोपिनच्या किती कुप्या आहेत, आणि रात्री एक वाजता त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते, हे दोन प्रश्न ग्रामसभेत विचारायला काही खर्च येत नाही. कपाशीला पहिली फवारणी होण्याआधी ते विचारलेले बरे.